मोजणीच्या फीवरून क्लायंट कुरकुरला तर काय करायचं

हे जमिनीचा प्रायव्हेट सर्व्हे करणाऱ्या पोरांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांचं मोजणीचं स्वतःचं मशीन, टोटल स्टेशन नाहीतर जीपीएसवालं रोव्हर आहे आणि घोडबंदर, कळवा, घणसोली, पनवेल साईडला बिल्डर, आर्किटेक्ट, गाववाले अशी सगळ्यांची कामं घेतात. फीवरून कुरकुर होणारच, त्याला औषध नाही. पण माझं मत सांगतो, बहुतेक वेळा भांडण फीचं नसतंच, निकालाचं असतं. सातबाऱ्यावर २० गुंठे आणि जागेवर भरले साडेअठरा, की लगेच तुमचं बिल महाग वाटायला लागतं. २१ भरले असते तर त्याच माणसाने स्वतःहून वडापाव मागवला असता.

म्हणून मशीन गाडीत टाकायच्या आधीच सांगून टाका की फी मोजणी करण्याची आहे, क्षेत्र भरवून देण्याची नाही, कमी भरलं तरी बिल तेवढंच. आणि हे नुसतं तोंडी नको, कोटेशनमध्ये एक ओळ म्हणून टाका आणि व्हॉट्सअॅपवर "ओके" घ्या. घोडबंदर रोडला फुटाच्या भावात व्यवहार होतात, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेवढं कमी भरलं की समोरच्याच्या डोक्यात लाखांचा हिशोब सुरू होतो आणि राग काढायला समोर तुम्हीच असता.

दुसरा हमखास डायलॉग, "सरकारी मोजणी एवढ्या कमी पैशात होते, तू एवढे कसे घेतोस?" यावर चिडायचं नाही, प्रश्न बरोबरच आहे. १ डिसेंबर २०२४ पासून सरकारी मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवले, आणि तेव्हा ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत २,००० आणि ८,००० रुपये, पालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० असे दर ठरले. क्लायंटला फरक समजावून सांगा. हद्द कायम करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा देणं हे सरकारच्या भूमी अभिलेख खात्याचं काम, आपण करतो ते कंटूर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या रेषा), लेव्हल, झाडं, नाला, विजेचे खांब, जुनी बांधकामं, आर्किटेक्टला प्लॅन बसवायला लागणारी ड्रॉइंग फाईल. आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर सरळ सांगा की काका, माझ्या नकाशाने तुमची हद्द कायम होणार नाही, आधी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात अर्ज टाका. काम हातचं गेलं तरी चालेल, कारण असलं काम घेतलं की सहा महिन्यांनी तोच माणूस "तुझ्या कागदाचा काय उपयोग, पैसे परत दे" म्हणत येतो आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नाही.

कोटेशनबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण अर्धी भांडणं इथेच मिटतात. एकरकमी आकडा लिहून पाठवू नका. साईटचं काम वेगळं, ऑफिसचं वेगळं, खुंट्या मारायचं वेगळं, येणं-जाणं वेगळं. "अर्ध्या दिवसात तर मोजलंस" असं म्हणणाऱ्याला नंतरचं काम दिसतच नाही, गटबुक नकाशा (गटाचा सरकारी नकाशा) काढणं, जुनी 'क' प्रत मिळवून त्यावर बसवणं, ट्रॅव्हर्स क्लोज करणं (घेतलेले पॉइंट फिरून पहिल्या पॉइंटवर जुळतात का बघणं), रात्री बसून ड्रॉइंग करणं. ते लिहून ठेवलं की त्याला दिसतं. ड्रॉइंगमध्ये किती वेळा फुकट बदल करणार ते लिहा, नाहीतर आर्किटेक्ट दर आठवड्याला "जरा हे पण दाखव" करत राहतो आणि पैसे मागितले की क्लायंटला वाटतं लुबाडतोय. शेजाऱ्याने काम अडवलं, गेट उघडलंच नाही, किंवा साईटवर कमरेएवढं गवत आहे आणि साफ करून देतो म्हणालेले पण केलं नाही, तर फुकट गेलेल्या दिवसाचे किती लावणार तेही लिहा. पावसाचं पण, कारण जून ते सप्टेंबर मुरबाड-शहापूरकडच्या भातशेतात प्रिझम घेऊन उतरायचं म्हणजे काय ते आपल्यालाच माहीत.

गावठाणातल्या कामांना एक खास गोष्ट आहे, नवी मुंबईत तर फारच. कागदावर पाच भाऊ, तीन बहिणी, काका, आणि फोन केलेला असतो एकाने. मोजून झालं की दुसरा भाऊ म्हणतो मी सांगितलंच नव्हतं, तिसरा म्हणतो माझा हिस्सा वेगळा दाखव मग देतो. त्यामुळे आधीच विचारायचं, "दादा, बिल कोणाच्या नावाने करू आणि पैसे कोण देणार?" त्या एकाच माणसाची सही घ्या. आपसात वर्गणी कशी काढायची ते त्यांनी बघावं, आपण त्यात पडायचं नाही.

पैसे टप्प्यात घ्या. समजा ३० हजारांचं काम आहे तर १२ कामाआधी, १० साईटचं काम संपलं त्या दिवशी, ८ फायनल फाईल द्यायच्या आधी. तपासायला पीडीएफ पाठवायची, त्यावर आडवं "तपासणीसाठी" लिहिलेलं, आणि ऑटोकॅडची फाईल आणि सही-शिक्क्याची कॉपी बाकी आल्यावर. ही अट कोटेशनमध्ये असेल तरच, नंतर अचानक अडवणूक केली तर तुम्हीच वाईट ठरता. आणि क्लायंटचे ओरिजिनल कागद, खरेदीखत, जुनी 'क' प्रत, हे कधीच अडकवून ठेवायचे नाहीत, किती का पैसे बाकी असेनात.

आता तक्रार आलीच, तर मेसेजवर वाद घालत बसू नका, फोन करा. आधी ऐकून घ्या आणि एकच विचारा, "नक्की कुठल्या गोष्टीचे पैसे जास्त वाटले?" उत्तरावरून कळतं की याला खरंच शंका आहे, का खिशात पैसे नाहीत, का क्षेत्राचा राग आहे. पैसे नसतील तर दोन हप्ते करून द्या आणि तारीख लिहून घ्या. क्षेत्राचा राग असेल तर साईटवर या म्हणावं, त्याच्यासमोर दोन-चार पॉइंट परत घ्या. "मोबाईलच्या अॅपवर तर जास्त येतंय" म्हणणारे पण असतात, त्यांना एकाच दगडावर फोन ठेवून दोनदा रीडिंग घ्यायला सांगा, फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे जातं ते स्वतःच बघतील, तुम्हाला लेक्चर द्यायची गरज नाही. फोन झाल्यावर मात्र जे ठरलं ते लगेच लिहून पाठवा, साधंच: "काका, आज बोलल्याप्रमाणे बाकी ८,००० पैकी ४,००० शुक्रवारी आणि ४,००० पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला. त्यानंतर फायनल कॉपी देतो."

लेव्हल चुकली, एखादा खांब राहिला, अशी खरी चूक निघाली तर फुकट परत जा, पेट्रोलचे पण मागू नका. पण मारलेल्या खुंट्या शेजाऱ्याने उपटल्या तर ती चूक तुमची नाही, त्यासाठी खुंट्या मारल्या त्याच दिवशी तारीख-लोकेशनवाले फोटो काढून क्लायंटला पाठवून ठेवा, मग परत मारायचे पैसे मागताना तोंड उघडता येतं. फील्डबुक आणि मशीनचा कच्चा डेटा पण जपून ठेवा, क्लायंट ग्राहक आयोगात गेला तर तेच दाखवायचं आहे.

डिस्काउंट द्यायचा तर काम सुरू व्हायच्या आधी द्या आणि काम कमी करून द्या, कंटूर नको, खुंट्या नको, असं. आणि "आकडा जरा वाढवून दे, डबल पैसे देतो" याला हसून नाही म्हणायचं, तिथे दुसरा विचारच नाही.

जीएसटीवरून पण कटकट होते. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि नंबर घेतलेला नाही तर बिलावर जीएसटी लावायचाच नाही. नंबर आहे तर १८ टक्के, आणि कोटेशनमध्येच "अधिक जीएसटी" असं ठळक लिहा, शेवटी कळलं की माणूस भडकतोच. कंपनीकडून पैसे कमी आले तर आधी टीडीएस कापलाय का बघा, उगाच फोन करून भांडू नका. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, तेवढं मात्र तपासा.

बिल्डर लोक "पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" म्हणत महिने काढतात. त्यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, काम घ्यायच्या आधीच करून ठेवा, ऑनलाइन फुकट होतं, आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, ठरलीच नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. बरेचदा तक्रार करायचीही गरज पडत नाही, त्यांच्या अकाउंट्सवाल्याला उद्यम नंबर परत एकदा मेल केला की हालचाल होते, कारण वेळेत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच इन्कम टॅक्समध्ये धरता येतो.

चेक बाउन्स झाला तर "बघू, देईल" करत बसू नका. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तारीख हुकली की ती केस अवघड होऊन बसते. साध्या उधारीचा दावा ३ वर्षांत करावा लागतो. पण चार-पाच हजारांसाठी ठाणे कोर्टाच्या चकरा मारण्यात काही अर्थ नाही, वकिलाची फीच जास्त होईल, सोडून द्या, नाव लक्षात ठेवा आणि तोच माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या प्लॉटसाठी आला तर जुनी बाकी अधिक नवीन कामाचे पूर्ण पैसे आधी घ्या.