मोडीचं पान आणि खनिज स्फटिक : शेजार लावताना या चुका टाळा

भिंतीवर मोडी लिपीतलं पान आणि खाली फळीवर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट हा निळा स्फटिक. दोन्ही याच मातीतले, त्यामुळे जोडी जमायला हवी. पण बऱ्याच घरांत ती फसते आणि दोष दगडाला दिला जातो.

मुळात मजकूर वाचलेलाच नसतो. लफ्फेदार वळण बघून चौकट करायची आणि मोडी वाचणारा पाहुणा आला की कळतं, दिवाणखान्यात कुणाचा तरी कर्जरोखा लटकतोय! आधी जाणकाराकडून वाचून घ्या. शिक्क्यांचंही तसंच. ‘मर्यादेयं विराजते’ हे शिवकालीन पत्राच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून उमटवलेलं मोर्तब. ते ठळक करून सगळ्यात वर छापलं, तर पत्र सुरू होण्याआधीच संपतं.

अक्षरं सुटी सुटी आणि निर्जीव दिसतायत? मग ती संगणकावरची असणार. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, ते छानच झालं. पण लेखक आधी पानभर रेघ ओढायचा आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. शब्दांत अंतर नाही. ती धावती लय हवी असेल तर हातानेच लिहून घ्या. आणि दगड इतका उंच ठेवू नका की रेघ त्याच्याआड जाईल. सगळी शान त्या रेघेचीच आहे.

मूळ कागद असेल तर तो भिंतीवर नकोच. तो अंधारात सपाट ठेवा, चौकटीत प्रत लावा. दगड कागदावर वजन म्हणून ठेवणाऱ्यांना तर मी घरात घेणार नाही.

दगड पांढुरका पडला, भुगा सुटला, तर तो लॉमोंटाइट नावाचा स्फटिक असू शकतो. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि तो ठिसूळ होतो. अपोफिलाइट या स्फटिकातही पाणी असतं, म्हणून तापणारा दिवा लांबच बरा. ओकेनाइट या खनिजाचे कापसासारखे गोळे बोटाने दाबले की दबलेलेच राहतात. धूळ हवा मारायच्या रबरी फुग्याने हलकेच उडवा. आणि चमक आणायला व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नको. सोबत कॅल्साइट हे चुनखडीतलं खनिज असेल तर तो फसफसून विरघळायला लागेल.