लिनक्स क्रॅशनंतर फाइलसिस्टिम दुरुस्त करताना या चुका टाळा

वीज गेली किंवा कर्नल पॅनिक झालं (लिनक्सचा गाभाच बंद पडला), मशीन पुन्हा चालू केलं, तर उबुंटूऐवजी काळा पडदा आणि 'एफएससीके हाताने चालवा' असा निरोप. एफएससीके ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, तपासणारी आणि दुरुस्त करणारी कमांड. बहुतेक जण तिथेच 'मायनस वाय' (प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो') लावून एंटर मारतात. खरं नुकसान पुष्कळदा इथे होतं. एफएससीके फाइलसिस्टिमची रचना सुसंगत करतो, तुमचे फोटो आणि हिशेब वाचवणं त्याच्या जबाबदारीत येत नाही. तुटकी नोंद पुसली की रचना जुळते, पण फाइल जाते.

म्हणून पार्टिशन (डिस्कचा भाग) माउंट नसताना, म्हणजे वापरासाठी जोडलेलं नसताना, लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून), एफएससीके आधी 'मायनस एन'ने चालवा. डिस्कवर काहीही न लिहिता तो बिघाड दाखवतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये यावेळी जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंदवही) लागू होत नाही, त्यामुळे चुका प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतात, घाबरू नका. माउंट असलेल्या पार्टिशनवर मात्र दुरुस्ती कधीच चालवू नका.

कर्नलच्या लॉगमध्ये 'आय/ओ एरर' दिसत असतील तर डिस्कच खराब होत असण्याची शक्यता आहे. दुरुस्ती थांबवा. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या कमांडने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढा. मॅपफाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद) द्यायला विसरू नका, तिच्यामुळे मध्येच थांबलेलं काम पुढे चालू करता येतं. मग जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर.

एफएससीके चालवताना 'बॅड मॅजिक नंबर' असा निरोप आला की लोकांना वाटतं सगळं संपलं. आधी पाहा, पार्टिशनऐवजी अख्ख्या डिस्कचं नाव तर दिलं नाही ना, म्हणजे एसडीए१ऐवजी एसडीए? नाव बरोबर असेल तर ईएक्सटी४च्या सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या) राखीव प्रती असतात. ४ केबी ब्लॉक असेल तर पहिली सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते. 'मायनस बी'ने तो क्रमांक द्या.

फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर तिच्या 'एक्सएफएस रिपेअर' कमांडला 'मायनस एल' अगदी शेवटी, कारण त्याने लॉगच, म्हणजे तिचं जर्नलच, पुसला जातो. त्याआधी एकदा माउंट करून अनमाउंट करा. बीटीआरएफएस या आणखी एका फाइलसिस्टिमवर 'चेक रिपेअर' ही दुरुस्ती करण्याआधी फक्त-वाचन पद्धतीने माउंट करून डेटा बाहेर काढा.

दुरुस्तीनंतर 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर रिकामं करू नका. नाव हरवलेल्या फाइली तिथे आयनोड क्रमांकाने (फाइलसिस्टिमने प्रत्येक फाइलला दिलेल्या आतल्या क्रमांकाने) पडलेल्या असतात. 'फाइल' कमांड त्यांचा प्रकार ओळखते. आधी तिथली फोल्डर उघडा: त्यांचं स्वतःचं नाव गेलं असलं, तरी आतल्या फाइलींची नावं बहुधा शाबूत असतात.