लग्नाच्या बूथवर आशीर्वादाचे व्हिडिओ: कॅमेरा लॅपटॉपला जोडताना

फोटोची प्रिंट आता सगळेच फोटो-बूथवाले देतात. माझ्या बूथवर व्हिडिओचंही बटण असतं, ते मुख्यतः घरातल्या मोठ्या माणसांसाठी. गावाहून आलेली आजी चष्मा-टोपी घालून पोझ देणार नाही, पण खुर्चीत बसवून माईक समोर धरला की नातीशी मनापासून बोलते. ते बोलणं पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. म्हणून बोलणारा खुर्चीवरून उठायच्या आत क्लिप लॅपटॉपवर वाजलीच पाहिजे, या हिशेबाने मी सगळी जोडणी करतो.

कॅमेरा कॅनन 200डी मार्क टू. बाहेरचा माईक लावायची सोय बघूनच बॉडी घ्या. 1500डीला माईकचा जॅकच नाही. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी घालून अडॅप्टर थेट बोर्डात लावा. या कॅमेऱ्याला डीआर-ई18 कपलर (म्हणजे ही डमी बॅटरी) बसतो. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर सतत दिसणारं चित्र) चालू असला की साधी बॅटरी वरात येईपर्यंत टिकत नाही.

जोडण्याआधी कॅमेऱ्याच्या मेन्यूत वाय-फाय बंद करा, नाहीतर यूएसबीवर कॅमेरा दिसत नाही. ऑटो पॉवर ऑफही बंद. लॅपटॉपवर ईओएस युटिलिटी (कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आपोआप उघडत असेल तर ती बंद करा. कॅमेऱ्याचा ताबा एका वेळी एकाच सॉफ्टवेअरकडे राहतो, आणि तो आपल्या बूथच्या सॉफ्टवेअरला हवा आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसलेला पोर्ट झोपवणारी सोय) डिसेबल करा. केबल पाच मीटरच्या आत ठेवा, स्टँडला एक वेढा देऊन टेपने पक्की करा. कार्यालयात लहान मुलं पळत असतात, ओढ बसली तर ती टेपवर बसावी, पोर्टवर नाही.

कार्ड घातलंय ना, ते बघा. फोटो थेट लॅपटॉपवर जाऊ शकतो, पण व्हिडिओ आधी कार्डावरच लिहिला जातो आणि रेकॉर्डिंग थांबल्यावर केबलने उतरतो. फुल एचडी, 25 फ्रेमला मिनिटाला साधारण सव्वादोनशे एमबी धरा. म्हणून मी क्लिपला 20 सेकंदांची मर्यादा घालतो. फाइल काही सेकंदांत उतरते आणि मागची रांग खोळंबत नाही. आजी-आजोबांना मात्र मी मर्यादा वाढवून देतो. त्यांना घाई करू नये.

आता चित्राकडे. मेन्यूत व्हिडिओ सिस्टिम पाल (50 हर्ट्झच्या विजेला जुळणारी) करा, 25 फ्रेम आणि शटर 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. एनटीएससीवर (60 हर्ट्झची सिस्टिम) 1/60 ठेवलंत तर हॉलच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडींमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फ्लॅश इथे उपयोगाचा नाही, सतत जळणारा लाइट लागतो: सॉफ्टबॉक्स लावलेला एक मोठा एलईडी, चेहऱ्याच्या थोडा वर आणि बाजूला. मग एफ/5.6 ला आयएसओ 800च्या आसपास भागतं. व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ऑटोवर सोडू नका. स्टेजवरचा लाइट जांभळा-निळा होत राहतो आणि ऑटो त्याच्यामागे धावतो.

खुर्चीवर कुणाला तरी बसवून चेहऱ्यावर फोकस घ्या, लेन्स एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर टेप लावा. लाइट गेली आणि कॅमेरा बंद पडला, तर 18-55 एसटीएम लेन्सचा फोकस पुन्हा लावा. ही लेन्स बंद होऊन चालू झाली की आधीच्या जागी राहीलच असं नाही.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. बूथ बँडपासून आणि स्टेजच्या स्पीकरपासून लांब मागून घ्या, डेकोरेटरशी हे आदल्या दिवशीच बोला. कॉलर माईक बोलणाऱ्याच्या पदराला किंवा उपरण्याला लावा. साउंड रेकॉर्डिंग मॅन्युअल ठेवा; मोठ्या आवाजाला काटा अधूनमधून -12 डीबीच्या जरा पुढे गेला तर ठीक. ऑटोवर ठेवलं की बोलणारा थांबल्याबरोबर मागचा ढोल वर येतो. हेडफोन लावून पहिली क्लिप स्वतः ऐका.

काउंटडाउन पाच सेकंदांचा ठेवा आणि शून्य दिसल्यावर हाताने खूण करा. बरेच जण आकडे दिसताच बोलायला लागतात आणि पहिलं वाक्य जातं, बहुतेक वेळा त्यातच नवरा-नवरीचं नाव असतं. 

मध्ये रांग नसेल तेव्हा लाइव्ह व्ह्यू बंद करून सेन्सर थंड होऊ द्या. रात्री सामान आवरण्याआधी क्लिप पेन ड्राइव्हवर घालून नवरीच्या भावाच्या नाहीतर बहिणीच्या हातात द्या, आणि घरी जाऊन त्यांनी सगळ्या उघडून बघितल्याचा फोन येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.