राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज कसा करावा

दयेचा अर्ज लिहायला घेण्यापूर्वी तो कोणाच्या अधिकारात बसतो, हे पाहावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 नुसार राष्ट्रपतींना क्षमा करण्याचा, शिक्षा तहकूब, कमी किंवा सौम्य करण्याचा अधिकार आहे. मात्र तो लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा, केंद्राच्या अधिकारकक्षेतील कायद्याखालचा गुन्हा आणि फाशी एवढ्यांपुरताच चालतो. खुनाबद्दलच्या जन्मठेपेसाठी सामान्यतः अनुच्छेद 161 खाली राज्यपालांकडेच जावे लागते. न्यायालयात प्रकरण चालू असताना केवळ स्थगितीसाठी धावाधाव करण्यातही अर्थ नसतो. खुनाबद्दल जन्मठेप झालेले नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या प्रकरणात मुंबईच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षेची स्थगिती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना लागू राहू शकत नाही, असे 1960 मध्ये ठरले. संपूर्ण माफी नानावटींना पुढे 1964 मध्ये मिळाली.

फाशीच्या प्रकरणांत आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, कलम 472 मुदती घालून देते. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विलोकन फेटाळल्याचे कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत बंद्याने, त्याच्या वारसाने किंवा नातेवाइकाने अर्ज करायचा असतो. आधी राज्यपालांकडे अर्ज केला असेल आणि तो नामंजूर झाला, तर राष्ट्रपतींकडे जाण्यास 60 दिवस मिळतात. अधीक्षकांनी कळवल्याची तारीख लेखी मागून घ्यावी, आणि अर्ज त्यांच्या हाती देताना पोच घ्यावी.

अर्जात निकालपत्राची उजळणी करत बसू नये. पुराव्याचा विचार राष्ट्रपती स्वतंत्रपणे करू शकतात, हे केहर सिंग प्रकरणात मान्य झाले आहे, म्हणून न्यायालयापुढे न आलेली किंवा दुर्लक्षित राहिलेली बाब असेल तर ती जरूर मांडावी. परंतु खरा भर बंद्याचे गुन्ह्यासमयीचे वय, मानसिक आजाराची वैद्यकीय कागदपत्रे, एकांतवासात काढलेला काळ, तुरुंगातील वर्तन आणि अवलंबून असलेली माणसे यांवर हवा. समक्ष सुनावणीचा हक्क नाही, त्यामुळे जे सांगायचे ते कागदावरच आले पाहिजे.

प्रतिकूल गोष्टी दडवू नयेत. हा नीतीचा प्रश्न आहेच, शिवाय त्यात धोकाही आहे: 1998 च्या स्वरण सिंग प्रकरणात राज्यपालांपासून महत्त्वाची माहिती लपून राहिल्यामुळे मिळालेली सूट न्यायालयाने टिकू दिली नाही. आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात तर सूट मिळालेला कैदी ‘काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता’ असल्याची नोंद शासकीय अहवालातच होती! सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती सूट रद्द केली आणि जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून दया दाखवता येणार नाही, असे बजावले. पुढाऱ्यांच्या शिफारसपत्रांची चळत जोडण्याचा मोह म्हणूनच टाळावा. मृताच्या कुटुंबाविषयी अर्जात एक सभ्य, खरे वाक्य असावे. त्यांच्यावर दबाव आणून मिळवलेले संमतीपत्र मात्र कदापि जोडू नये.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. त्यामुळे अर्जाचा प्रवास प्रत्यक्षात राज्य सरकारच्या अभिप्रायातून आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या टिपणीतून होतो, आणि अर्जाचे भवितव्य बव्हंशी तिथेच ठरते.

अर्ज नामंजूर झाल्यास, शत्रुघ्न चौहान प्रकरणातील 2014 च्या निकालानुसार, ते कळल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस मिळावे लागतात. कलम 472 राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध अपील नाही म्हणते खरे, पण घटनेने उच्च व सर्वोच्च न्यायालयांना दिलेले अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाहीत, असे माझे मत आहे. न्यायालय दया का दाखवली नाही, हे विचारत नाही. महत्त्वाचे कागद बाजूला ठेवले गेले का, निर्णय मनमानी किंवा दुर्हेतूने झाला का, विनाकारण विलंब लागला का, एवढेच तपासते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली, ती त्यांच्या गुन्ह्याविषयी सौम्य मत झाले म्हणून नव्हे, तर सरकारी यंत्रणेने दयेच्या अर्जांवर सात वर्षांहून अधिक काळ घालवला म्हणून. अशा याचिकेसाठी वकील परवडत नसेल, तर कारागृहातूनच विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाची मागणी करावी आणि अर्जाची प्रत, पोच व प्रत्येक स्मरणपत्राची तारीख त्याच्या स्वाधीन करावी.