जुन्या फोर बाय फोरखाली झोपायला शिकताना

जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मी लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, शोधायला लागलो. डिफ्रन्शियलमध्ये (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) ऑइल आहे का, असलं तर कुठल्या जन्मातलं आहे, हे बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. बरेच नवीन लोक हेच करतात म्हणून लिहायला बसलोय. मी मेकॅनिक नाही, खुर्चीत बसून काम करणारा माणूस, पण गेली काही वर्षं सुट्टीचे दिवस गाडीखाली झोपून जातात आणि आता बऱ्यापैकी जमतं.

गाडी साधी होती. पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग), कार्ब्युरेटर आणि हाताने टाकायची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा. शिकायला अशीच गाडी चांगली, कारण काय बिघडलंय ते एक तर डोळ्याला दिसतं नाही तर कानाला ऐकू येतं. एकच सल्ला, रोज कामावर जायची गाडी हीच असेल तर रविवारी दुपारी काही मोठं उघडू नका. एक आटा गेला की सोमवार गेला.

आधी जिवाचं बघू. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, मग गाडीला खांद्याने जोरात हलवून बघायचं आणि मगच खाली सरकायचं. या गाड्यांची एक खोड तर मला कुणीच सांगितली नव्हती. लँड रोव्हरच्या जुन्या सिरीजसारख्या बऱ्याच गाड्यांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब नळीवर, असतो. तुम्ही हँडब्रेक खेचून मागचं एक चाक उचललं की ओपन डिफ्रन्शियलमुळे ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि हँडब्रेक लागलेला असताना गाडी जॅकवरून चालायला लागते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच, आणि ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर गिअरचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, नेहमी.

मग गाडी समजून घ्या. पार्ट टाइम सिस्टीम (लागेल तेव्हाच फोर व्हीलमध्ये टाकायची) असेल तर पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये डिफ्रन्शियल नसतो, फोर व्हीलमध्ये टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून हा फरक खाऊन टाकतं पण कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) आणि गिअर यांच्यात साठत जातो. दांडा टू व्हीलला परत येत नाही म्हणून लोक ट्रान्सफर केसला शिव्या घालतात, प्रत्यक्षात ती पिळून बसलेली असते. थोडं रिव्हर्स घ्या, सुटते. फ्री व्हीलिंग हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध ती फिरवायची गोल चकती, ती उघडी असली तर टू व्हीलमध्ये पुढचे ॲक्सल शाफ्ट उगाच फिरत नाहीत. वॉर्न कंपनीने 1948 मध्ये युद्धातून उरलेल्या जीपसाठी असेच हब बनवून सुरुवात केली होती, विंच नंतर आले. पण हब कायम उघडे ठेवून चालत नाही, अधूनमधून लॉक करून मातीच्या रस्त्यावर थोडं चालवा म्हणजे आतलं ऑइल सगळीकडे फिरतं.

आता माझा पहिला पराक्रम. मागच्या डिफ्रन्शियलचं ऑइल बदलायला बसलो, खालचा ड्रेन प्लग उघडला, ऑइल सगळं बाहेर, मी खूश. मग वरचा भरायचा प्लग उघडायला गेलो तर तो हलेचना. माझ्याकडे बारा पैलूंची गोटी होती, ती लावून पाइप घातला आणि जोर दिला, तर प्लगचे कोपरेच गोल झाले. आता ऑइल आत नाही, भरायला रस्ता नाही आणि गाडी हलवता येत नाही. शेवटी एका वेल्डिंगवाल्याला घरी आणावं लागलं, त्याने प्लगवर एक नट वेल्ड केला आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो प्लग असा सुटला की जणू कधी घट्ट नव्हताच. तेव्हापासून भरायचा प्लग आधी उघडतो आणि तो सुटला तरच खालच्याला हात लावतो. आणि गंजलेल्या नटाला सहा पैलूंची गोटी, ती सपाट बाजूंवर बसते, कोपरे खात नाही. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, दहा मिनिटं आधी मारून काही होत नाही.

बाहेर आलेलं ऑइल लगेच फेकू नका, त्यात बरंच लिहिलेलं असतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची घासाघीस, पण चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर पुढचं सगळं थांबवून आत बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. माझं दुधाळ होतं आणि मी ऑइल सीलला दोष देत बसलो, खरा चोर ब्रीदर निघाला. ॲक्सलच्या डोक्यावर ती छोटी टोपी असते, आतली हवा तापली की तिथून बाहेर जाते. ती चिखलाने बुजली आणि तुम्ही गरम ॲक्सल थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते, ओढ तयार होते आणि पाणी सीलच्या कडेने आत खेचलं जातं. मी टोपी काढून तिथे रबरी नळी लावली आणि ती इंजिन बेमध्ये उंच नेऊन बांधली. माझ्या गाडीवरचं सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन हेच आणि सगळ्यात उपयोगी पण हेच, दिसत मात्र कुणालाच नाही.

कुठलं ऑइल ते मॅन्युअल बघूनच घ्या. डिफ्रन्शियलच्या हायपॉइड गिअरना साधारण जीएल-5 (गिअर ऑइलचा प्रकार) लागतं पण जुन्या गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळेचे असतात आणि जीएल-5 मधली काही रसायनं पितळ खाऊ शकतात, तिथे मॅन्युअल जीएल-4 सांगत असेल तर जीएल-4 च. आकडा मोठा म्हणजे माल भारी असं इथे नाही.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचं ऐका. क्लच सोडताना खालून ‘टक्क’ आवाज येतो तो बहुतेक वेळा क्रॉसचा. चाकांना ठोकळे लावून गाडी पक्की करा आणि शाफ्ट हाताने पिळा, क्रॉसमध्ये जरा जरी प्ले दिसला तर बदला. ग्रीस भरताना चारही टोकांच्या सीलमधून नवीन ग्रीस बाहेर यायला पाहिजे, तीन टोकांतून आलं आणि चौथं कोरडं म्हणजे ते टोक मरायला लागलंय. आणि शाफ्ट उघडण्याआधी खुणा करा. मी केल्या होत्या, खडूने. मग शाफ्ट फार कळकट दिसतोय म्हणून रॉकेलने स्वच्छ धुतला, खूण पण स्वच्छ झाली. परत जोडताना स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) एक दात इकडे बसला, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहिले नाहीत आणि पन्नासच्या पुढे गाडी थरथरायला लागली. मी दोनदा चाकं बॅलन्स करून आलो! आता सेंटर पंचने ठोकून खूण करतो, ती धुतली जात नाही.

गंज हा प्रकार मी सुरुवातीला फारच हलक्यात घेतला. बॉडीवरचा गंज दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो, पण गाडी उभी असते चेसिसवर. लँड रोव्हर 1948 मध्ये आली तेव्हा स्टील मिळत नव्हतं म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली, चेसिस मात्र स्टीलची. त्यामुळे वरून बॉडी छान आणि खाली चेसिस पोकळ, अशी फसवणूक त्या गाड्यांत सहज होते. हातोडी घेऊन चेसिसवर टकटक करत जायचं, चांगल्या जागी खणखणीत वाजतं, सडलेल्या जागी बद्द. स्प्रिंग हँगरच्या आसपास जास्त ठोका, चिखल तिथेच साठतो. वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा आणि पेट्रोल टाकीच्या आसपास वेल्डिंगचा विचारही करू नका, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

एवढं सगळं झाल्यावर लिफ्ट. मी उलट्या क्रमाने केलं. पाट्यांचे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) मिळाले, एका दुपारी बसवले, गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि रस्त्यावर गेल्यावर स्टिअरिंग वेगळंच वागायला लागलं. वळून झालं की चाक आपणहून सरळ येईना, गाडी सारखी इकडे-तिकडे भटकायची. माझ्या गाडीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे, ते लांब केलं की ॲक्सल थोडा फिरतो आणि किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारख्या तिरक्या पट्ट्या घालून तो परत आणला. तरी खड्डा लागला की कधीकधी स्टिअरिंग पिसाळल्यासारखं थडथडायचं. लोक म्हणाले नवीन स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगची थडथड शोषणारा शॉक) टाक, टाकला, महिनाभर शांत. पण डँपर रोग दाबतो, बरा करत नाही. टाय रॉडचे दोन एंड आणि किंगपिनचे बेअरिंग पार गेलेले होते, ते लिफ्टच्या आधी पण गेलेलेच होते. होती त्या उंचीवर दुरुस्त केली असती तर तेव्हाच कळलं असतं. म्हणून एका वेळी एकच बदल करा, आठ-पंधरा दिवस चालवा, मग दुसरा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की आवाज कुठला नवा ते कळत नाही.

पाट्याचे बुश बदलताना बोल्ट हवेत पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, चार वेळा दाबून बसू द्या आणि मग आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) एकदा आवळले की ताणले जातात, उघडले तर नवीन घ्या, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत टॉर्क रेंच लावा. माझे तेव्हा अर्धा-अर्धा फेरा आत गेले होते.

टायरचं थोडक्यात सांगतो. 29 इंचावरून 31 इंचावर गेलात तर घेर साधारण सात टक्क्यांनी वाढतो, मीटर 60 दाखवत असेल तेव्हा गाडी 64 ला असते, पिकअप मरतो आणि ब्रेकवर ताण येतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून, एका बाजूचं चाक ठोकळ्यावर चढवून टायर कुठे घासतो ते बघा, सपाट जमिनीवर काही कळत नाही. तुमच्याकडचा कायदा आणि इन्शुरन्स यात काय बसतं ते विकत घेण्याआधी विचारा. आणि लाइट, विंच असलं काही लावलंत तर फ्यूज बॅटरीच्या जवळ, लाइटला रिले, जुन्या गाडीच्या स्विचमधून तो करंट नेऊ नका, स्विच वितळतो. माझा वितळला.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय उघडलं, कुठला बोल्ट कुठल्या मापाचा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद आहे पुढचं उजवं नकल सील (पुढचं चाक वळतं तिथल्या गोल बॉलवरचं ऑइल सील), तीनदा बदललंय आणि परत पाझरतंय. यावेळी सील न बदलता आधी तो गोल बॉल पॉलिश करणार आहे, त्याच्यावर गंजाचे खड्डे आहेत आणि नवीन सीलची कड तेच कापतायत असं वाटतंय.