जुना अल्बम घेऊन अंदमानला परत जाताना

नोकरीनिमित्त म्हणा किंवा सेल्युलर जेलचं दर्शन घ्यायला म्हणा, तुम्ही तरुणपणी मद्रासहून बोटीने अंदमानला गेला असाल आणि आता पुन्हा जायचं मनात असेल, तर तिकिटाआधी कपाटातला अल्बम बाहेर काढा. जुना फोटो जिथून काढला होता त्याच जागी उभं राहून तोच फोटो आज पुन्हा काढता येतो. त्याला साधा फोन पुरतो. कष्ट आहेत ते घरच्या तयारीत.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पाठीचा थर पानालाच राहतो. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हलकेच सरकवा. अडला तर वरचा प्लॅस्टिकचा कागद उचला आणि फोटो पानावरच असू द्या. स्कॅनर असेल तर ४×६ इंची फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) भरपूर झालं. त्यापुढे नुसती फाईल फुगते. फोनने टिपायचा असेल तर टेबल खिडकीशी घ्या, पण थेट ऊन नको. फ्लॅश आणि घरातले दिवे बंद ठेवा, नाहीतर अर्धा फोटो पिवळा येतो. फोन फोटोला अगदी समांतर धरा. चमक आली तर फोटो पाव वळसा फिरवून पाहा.

निगेटिव्ह सापडल्या तर उत्तमच. दुसऱ्या फोनवर कोरा पांढरा पडदा पूर्ण उजेडात लावा आणि निगेटिव्ह त्याच्यावर तीनेक सेंटिमीटर उंच धरा. एकावर एक ठेवलेल्या दोन काडेपेट्यांचा आधार पुरतो. पडद्यालाच टेकवली तर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. नंतर कुठल्याही फोटो ॲपमध्ये रंग उलटे करा. रंगीत निगेटिव्ह उलटी केली की निळसर दिसते, कारण तिच्या पट्टीचा मूळ रंग नारिंगी असतो. पांढरा सदरा पांढरा दिसेपर्यंत रंग ऊबदार करत न्या. आणि एक गोष्ट नक्की तपासा: निगेटिव्ह पालथी तर पडली नाही ना? काठावरचे आकडे सरळ वाचता आले पाहिजेत. आकडे पुसट असतील तर साडीचा पदर बघा. नेहमी डाव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या आईचा पदर उजवीकडे दिसत असेल तर फोटो आरशातला आहे, आणि तो घेऊन तुम्ही टेकडी भलत्याच बाजूला शोधत बसाल.

आता नकाशा. समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तोवर बेटांचं इंटरनेट उपग्रहावर चालायचं. शहरात आता नेटवर्क बरं असतं, बाहेर त्याचा भरवसा धरू नका. ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फक्त जागा सापडायला पहिल्यांदा जरा वेळ लागतो. नावं बदलली आहेत, म्हणून फोटोमागे दोन्ही लिहा: रॉस आयलंड म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, ही २०१८ ची नावं. पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम २०२४ मध्ये झालं. रिक्षावाल्याला जुनंच नाव चटकन कळतं.

प्रत्यक्ष जागेवर फोनच्या पडद्यावर जुना फोटो पाहू नका. भर उन्हात पडदा दिसत नाही, आणि एकाच पडद्यावर दोन चित्रं जुळवताना डोळे शिणतात. ए-५ आकाराची छापील प्रत हातात ठेवा. अस्सल फोटो घरीच असू द्या, तिथली दमट हवा त्याला सोसत नाही. फोटोतली एक जवळची आणि एक दूरची वस्तू निवडा, म्हणजे जेलचा मधला मनोरा आणि अलीकडचा कठड्याचा कोपरा. दोन्ही एकमेकांसमोर येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग त्यांचं लहानमोठेपण जुळेपर्यंत पुढे-मागे व्हा. झूम अगदी शेवटी. आधीच झूम केला तर आकार जुळतो, पण जागा चुकलेलीच राहते. याशिका एमएफ-२ या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं भिंग ३८ मिमीचं होतं, त्याला बहुतेक फोनवर दीडपट झूम लागतो. ५० मिमीच्या कॅमेऱ्याला दुप्पट. घामट बोटाने पडदा दाद देत नाही, तेव्हा आवाजाचं बटण दाबून फोटो काढा.

माडांवर विसंबू नका, ते वाढतात आणि पडतात. टेकड्यांची रेघ खरी. किनारा मात्र सापडेलच असं नाही: डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे १ मीटर खचली. फोटोतली वाळू आज पाण्याखाली असेल तर आपल्या स्मरणशक्तीला बोल लावू नका.

सावल्या जुळवायच्या असतील तर घड्याळ विसरा. तिथे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो. हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाअकराच्या सुमाराला, आणि डिसेंबरात पाचच्या आसपास मावळतो. दुपारी जेवून वामकुक्षी घेऊन निघालात तर उजेड हातचा जाईल. हॉटेलच्या एसीतून बाहेर पडल्यावर भिंगावर वाफ धरते. पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

विमानतळ आणि नौदलाच्या आवारात कॅमेरा काढू नका. जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जाताना त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे. अल्बममध्ये त्यांचा जुना फोटो असेल तर तो घरातच राहू द्या, समूहात पाठवू नका.

घरी आल्यावर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने ठिकाण, दोन्ही वर्षं आणि फोटोतल्या माणसांची पूर्ण नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.