बागेच्या भिंतीला गिलावा करताय? माल कालवायच्या आधी या चुका टाळा

बागेच्या भिंतीचं प्लास्टर फुगलं, पोपडे निघाले, खालून पांढरं पांढरं यायला लागलं की पहिला दोष आपण मालाला देतो. सिमेंट कमी पडलं असेल, गवंड्याने नीट केलं नसेल वगैरे. मीपण पहिल्या वेळी हेच धरून चाललो होतो, आणि दुसऱ्या वेळी सिमेंट वाढवून केलं. ते प्लास्टर आधीपेक्षा लवकर सुटलं, आणि सुटताना विटांचा पापुद्रा पण घेऊन आलं. तेव्हापासून जो कोणी विचारतो त्याला मी एकच सांगतो, कुठला गिलावा करायचा ते नंतर ठरव, आधी या भिंतीत पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते बघ.

घराची भिंत आणि बागेची भिंत एकच समजणं ही सगळ्यात मोठी चूक. घराच्या भिंतीला वर छप्पर असतं, एक बाजू आतली म्हणजे कोरडी असते, खाली जोत्याला ओल वर चढू नये म्हणून थर असतो. बागेच्या भिंतीला यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. पाऊस दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून, खालून मातीची ओल, त्यात आपण रोज पाईपने झाडांना पाणी घालतो ते वेगळं. अशी भिंत भिजणारच, तिला पूर्ण कोरडं ठेवणं आपल्या हातात नाही, आपल्या हातात एवढंच की आत गेलेलं पाणी वाफ होऊन परत बाहेर पडायला वाट ठेवायची.

म्हणून "जितकं सिमेंट जास्त तितकं प्लास्टर पक्कं" हे डोक्यातून काढून टाका. १:३ किंवा १:४ चा (एक भाग सिमेंटला तीन-चार भाग वाळू) तगडा माल सुकताना जास्त आकसतो, त्याला बारीक भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि बाकीचा थर इतका घट्ट असतो की ते पाणी बाहेर येऊ शकत नाही. मग विटेतले क्षार त्या पाण्याबरोबर थराच्या मागे येऊन साचतात आणि प्लास्टर ढकलून बाहेर काढतात. नियम साधा आहे, गिलावा भिंतीपेक्षा थोडा नरम हवा आणि वरचा हात (म्हणजे थर) खालच्या हातापेक्षा नरम आणि पातळ हवा. साध्या चांगल्या भाजक्या विटेला १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू हा माल बहुतेक ठिकाणी चालतो. चुन्याने माल लोण्यासारखा चालतो, थापीला चिकटत नाही आणि बारीकसारीक हालचाल सहन करतो, त्यामुळे नवशिक्याला तर मी चुना घालाच म्हणेन.

पण हा माल सगळीकडे चालत नाही. जुनी भिंत, नरम वीट, सांधे चुन्यात बांधलेले असतील (किल्लीने खरवडलं की पांढरट भुगा पडतो) तर सिमेंट अजिबात नको, पाण्यात घट्ट होणारा चुना आणि वाळूच वापरा. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा, तिला सिमेंट लावलं तर आतली माती ओली राहून राहून भिंतच खचते आणि बाहेरून कळत पण नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. काँक्रीटचे गुळगुळीत ब्लॉक असतील तर उलटा प्रॉब्लेम, माल धरतच नाही, तिथे आधी जाड वाळू आणि सिमेंटचा पातळ माल शिंतोडल्यासारखा फेकून खरखरीत थर करून घ्यावा लागतो आणि तो वाळल्यावर पुढचा हात. आत बुडबुड्यांसारखी बारीक छिद्रं असलेले हलके ब्लॉक (AAC) पाणी सपकन ओढतात, त्यांच्यासाठी त्या ब्लॉकच्या कंपनीने सांगितलेला प्रायमर आणि हलका तयार माल घ्या, तिथे स्वतःचं डोकं चालवू नका.

आपली भिंत किती पाणी ओढते ते बघायला ओंजळभर पाणी मारा. लगेच गायब झालं तर भिंत तहानलेली आहे, प्लास्टरच्या आधी चांगली भिजवून वरचं पाणी जिरू द्यायचं. ओघळून खाली गेलं तर पृष्ठभाग घट्ट आहे किंवा त्यावर जुना रंग आहे, तिथे टाचे (छिन्नीने खाचा) मारल्याशिवाय काही टिकणार नाही. रंगावर, शेवाळावर, सुट्या भुग्यावर गिलावा करणं म्हणजे त्या रंगाला आणि भुग्यालाच गिलावा करणं, भिंतीला नाही. सांधे पण साधारण १० मिमी आत खरवडून घ्या, त्यात माल घुसला की पकड येते.

आता वर आणि खाली. हा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात आणि माझ्या मते निम्मी प्लास्टरं इथेच मरतात. भिंतीच्या डोक्यावर दगडाची, काँक्रीटची, फरशीची टोपी हवी, ती दोन्ही बाजूंनी ३०-४० मिमी बाहेर आलेली हवी आणि तिच्या खालच्या अंगाला एक खाच हवी, म्हणजे थेंब तिथे तुटून खाली पडतो, भिंतीवरून ओघळत नाही. डोक्यावर नुसतंच प्लास्टर वळवून गोल करून टाकलं तर दिसायला छान दिसतं पण वर्षभरात तिथे भेग पडते आणि पाणी थेट गाभ्यात जातं. खाली गिलावा जमिनीला टेकवू नका, साधारण १५० मिमी वर थांबवा, नाहीतर तो वातीसारखा ओल ओढत राहतो. ती खालची विटांची पट्टी उघडी दिसते म्हणून लोकांना आवडत नाही, मान्य, पण तिथूनच भिंत श्वास घेते. आणि नंतर वाफ्याची माती ढकलत ढकलत प्लास्टरपर्यंत आणू नका, हे दर मोसमात होतं.

भिंतीच्या एका बाजूला माती भरलेली असेल, म्हणजे वाफा उंचावर आणि भिंत त्याला अडवून धरते, तर गिलाव्याचा विचार सगळ्यात शेवटी. आधी मागे खडी, पाणी निघायला भोकं, मातीकडच्या अंगाला वॉटरप्रूफिंग. हे न करता समोरून कितीही महागातला माल लावला तरी मागचं पाणी त्याला बाहेर ढकलणार. ती भोकं प्लास्टरमध्ये बुजवून टाकली जातात हे पण खूप वेळा बघितलंय, पाईपचा तुकडा बाहेर ठेवून मगच गिलावा करा.

वाळू काचेच्या बरणीत तपासा. अर्धी बरणी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि काही तास तशीच ठेवा, वाळूवर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांच्या वर असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा बदला. समुद्राकाठची वाळू तर नकोच, मीठ येतं. माल तासाभरात संपेल एवढाच कालवा, घट्ट व्हायला लागला म्हणून वरून पाणी घालून परत मऊ करणं हे सगळे करतात आणि त्यातच ताकद जाते.

पहिला हात १०-१२ मिमी, त्यावर ओरखडे, तो आकसून झाला की (सिमेंट असेल तर काही दिवस, नुसता चुना असेल तर अजून बराच वेळ) दुसरा हात ६-८ मिमी. एकदम २५ मिमी थापलं तर स्वतःच्या वजनानेच खाली सरकतं. भर उन्हात करू नका, सावली फिरते तसं तुम्ही पण फिरा, आणि सिमेंटच्या गिलाव्याला निदान ७ दिवस पाणी मारा किंवा ओलं गोणपाट लावून ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना-सिमेंट कातडी जाळतं आणि डोळ्यात गेलं तर फार वाईट.

फिनिश गुळगुळीत नको, स्पंजने किंवा लाकडी रंध्याने खरखरीत ठेवा. लोखंडी थापीने घोटत बसलं की सिमेंटचं दूध वर येतं आणि त्यालाच कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

प्लास्टर आधीच झालंय आणि बिघडलंय तर भेग बघून ओळखता येतं. जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा आणि ठोकल्यावर आवाज भरीव, तर घाबरू नका, चुन्याचा किंवा श्वास घेणारा मिनरल रंग दिला की भागतं. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेवढा भाग कापून काढावाच लागेल, वरून भरून काही होत नाही. आडव्या सांध्यांच्या रेषेत भेगा आल्या तर आतली वीट कायम ओली आहे, टोपी तपासा. वरपासून खालपर्यंत एकच उभी भेग म्हणजे बहुतेक पाया हललाय किंवा भिंतीतला मोकळा सांधा (भिंतीला आकसायला-फुगायला मुद्दाम ठेवलेली फट) प्लास्टरखाली बुजवलाय, तो सांधा गिलाव्यातही मोकळाच सोडायचा असतो. पांढरा खार आला तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो.

आणि रंगाची घाई नको. सिमेंटचा गिलावा निदान ४ आठवडे तरी वाळू द्या, आणि प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग तर नंतरही नको, एवढी सगळी काळजी घेऊन पाण्याला वाट ठेवली आणि शेवटी डब्यातल्या रंगाने ती बंद केली असं होतं. शंका असेल तर भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात मीटरभर तुकडा करून एक पावसाळा बघा, मग पूर्ण भिंत घ्या. आणि हो, वीट चांगली असेल, सांधेच तेवढे खराब असतील तर गिलावा न करता नुसते दर्जे भरून घेतले तरी भिंत वर्षानुवर्षं उभी राहते.